उपटलेले नर वेल

काकाजी,

तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मोहाडीच्या बाजारात एका ठोक गिऱ्हाइकाशी वांग्याच्या भावावरून भांडत होते. आंबागडहून भाच्याचा फोन होता. "लटारू काकाजी गेले," एवढंच म्हणाला. मी फोन ठेवला, भांडण पुरं केलं, वांगी माझ्याच भावाने दिली आणि मग रिकाम्या पोत्यावर बसले. रडू आलं नाही, राग आला. सहा वर्षं एक प्रश्न मी तुमच्यासाठी राखून ठेवला होता, आणि तुम्ही उत्तर न देताच निघून गेलात.

लोकांना वाटतं, शेवंताचं आणि लटारू काकाजीचं काटवलाच्या कंदांवरून बिनसलं. कंदांचं काही नव्हतं. कंद चांगलेच होते, ते मला त्याच वर्षी कळलं होतं. मला विचारायचं होतं ते एवढंच की त्या सकाळी माझ्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून, माझ्या हातातला वेल पाहून तुम्ही "बरोबर" म्हणालात, ते मला बुडवायला म्हणालात का?

दुसऱ्या कोणी बुडवलं असतं तर मी त्याला तिथल्या तिथे निपटलं असतं आणि विसरले असते. धंद्यात असे पुष्कळ भेटले. पण तुमची गोष्ट वेगळी होती. आपलं नातं नव्हतं, घराची भिंत मात्र एक होती. माझी माय किल्ल्याखालच्या जंगलात काटवल तोडायला जायची तेव्हा मी तिच्यामागे आणि तुम्ही आमच्यापुढे. पुण्यामुंबईचे लोक ज्याला कर्टुली म्हणतात तीच आपली काटवलं, पण तिकडच्या भाजीबाजारातली ढिगात पडलेली काटवलं पाहून त्यांचा वेल काय चीज आहे ते समजत नाही. मला ते तुम्ही शिकवलं. सहा-सात वर्षांची असेन. तुम्ही माझ्या दोन हातांत दोन पिवळी फुलं दिलीत.

"पोट्टे, पाकळ्याच्या खाली काय हाय, पाहून घे."

"देठ हाय."

"अन् ह्या दुसऱ्याच्या खाली?"

"गोळी हाय. बारीक काटे हायेत तिले."

"मंग कोणत्या वेलाची जागा ध्यानात ठेवशील?"

"गोळीवाल्या."

"झालं. तू उपाशी नाही मरत."

नुसत्या देठाचं फूल ते नर, गोळीचं ते मादी, आणि दोन्ही कधी एका वेलावर नसतात. तुमच्या तोंडून ऐकलेला हा माझा पहिला आणि शेवटचा शास्त्राचा धडा. आम्ही जंगलात नर वेल दिसला की पुढे जायचो. त्याला फळ लागत नाही, मग त्याची जागा कशाला लक्षात ठेवायची? तो कशासाठी असतो हे आमच्यातल्या कोणी कधी विचारलं नाही. जंगलात पाच पावलांवर एक नर असतोच. तो नाही असं कधी झालंच नाही, म्हणून त्याची गरज कधी कळली नाही.

नवऱ्याचं घर सोडून पोरीला कडेवर घेऊन मी माहेरी आले तेव्हा सगळ्यांनी मला सल्ला दिला. तुम्ही काटवलांची टोपली दिलीत. "मोहाडीले ने. भाव तूच सांग. मले काय द्याचं ते संध्याकाळी भांडून ठरवू," म्हणालात. संध्याकाळी आपण खरंच भांडलो. पार्बता काकी दारात बसून हसत होती. तुम्ही मला एक पैसाही सोडला नाहीत आणि मीही तुम्हाला सोडला नाही. घरातले सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलत होते त्या दिवसांत. तुम्ही एकटे ओरडलात. त्या ओरडण्याने मी उभी राहिले, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही पुढच्या टोपलीचा भाव वाढवला असता.

पुढे बाजारात माझी जागा झाली, दुकान झालं, आणि गावाजवळचं धान न होणारं दोन एकर मुरमाड वावर मी घेतलं. जंगलात काटवलं कमी मिळू लागली होती आणि मोसमात त्यांचा भाव मटणाच्या वर जात होता. मांडव घालून काटवल लावायचं मी ठरवलं. बिया तर फुकट होत्या. पिकून नारिंगी झालेलं फळ फुटलं की लाल गरात काळ्या बिया दिसतात, त्या मी पदरात बांधून आणल्या होत्या. तुम्ही त्या पदरातच राहू द्या म्हणालात. "बी कोणतं पोट्टं कोणती पोट्टी, ते फूल येईपर्यंत सांगत नाही. अन् आधी उगवाले रुसते. कंद लाव. मायचा कंद मायच होते, बापाचा बापच." तरी मी बिया लावल्याच. पहिल्या वर्षी एकही उगवली नाही. यावर मी तुम्हाला बरोबर म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, तुमच्या जंगलाच्या बियाच खराब.

मग कंद घ्यायला आले. तुमच्या परसात एक पोतं आणि एक पिशवी होती.

"पोत्यात मादी, पिशवीत नर. आठ-दहा मादीत एक नर लावजो. मधामधात."

"नर कायले? त्याले फळ लागते काय?"

"नाही लागत."

"मंग तुमच्याजवळच ठेवा."

"नर नेत नसशील तर मादीही देत नाही, जा."

भाव ठरल्यावर विकणारा जे जास्तीचं गळ्यात बांधतो ते नेहमी त्याच्याकडे न खपलेलं असतं, हा माझा तोवरचा अनुभव. मी नराचा निम्मा भाव सांगितला. तुम्ही लगेच हो म्हणालात, आणि तिथेच माझी खात्री पटली. तुम्ही मागून कारण सांगत होतात, फुलाच्या भुकटीचं काहीतरी. मी पोतं उचलून निघाले होते. कंद तरी मी तुम्ही सांगितले तसेच लावले, घेतलेला माल वाया घालवायची मला सवय नाही म्हणून.

पाऊस लागला आणि नर आधी चढले. त्यांची फुलंही आधी आली. मांडव पिवळा झाला, लोक थांबून पाहू लागले, आणि मी रोज फुलांखाली गोळी शोधत होते. दहा-बारा दिवसांनी मादी वेलांना फुलं आली, हिरव्या काटेरी गोळ्या दिसल्या. तेव्हा मला वाटलं, आता या नुसत्या फुलांच्या वेलांनी माझं खत कशाला खायचं आणि मांडव कशाला अडवायचा? एका सकाळी मी सगळे नर उपटले. पुढच्या वर्षी पुन्हा उगवू नयेत म्हणून कंदासकट काढले.

त्याच वेळी तुम्ही धुऱ्याने काठी टेकत बसकडे चालला होतात.

"काकाजी!" मी हाक मारली. "पाहा! बरोबर करून राहिली ना?"

आणि मी उपटलेला वेल दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. चांगला वावभर, पसरलेल्या दोन हातांएवढा होता, फुलांसकट. मधे फार तर दोन बांध्यांचं, धानाच्या दोन वाफ्यांचं अंतर. तुम्ही थांबलात. तोंड माझ्याकडे केलंत, हसलात.

"बरोबर, बरोबर. साफ ठेव मांडव."

आणि गेलात.

आठवड्याने गोळ्या पिवळ्या पडून गळायला लागल्या. वाटाण्याएवढ्या व्हायच्या आणि गळायच्या. मी पाणी वाढवलं, पाणी कमी केलं, फवारणी केली. खाली पिवळा सडा पडत होता आणि वर एकही काटवल धरत नव्हतं. बाजाराच्या दिवशी तुम्ही आणि काकी टोपल्या घेऊन बसला होतात. मी समोर जाऊन उभी राहिले. सडके कंद दिले म्हणाले.

तुम्ही शांतपणे विचारलंत, "वाटाण्याएवढं होऊन गळते काय?"

"हो."

"मंग नर नाही काय तुह्या मांडवात? मी देल्ले होते ना. नराची भुकटी मादीच्या फुलात पडल्याशिवाय गोळीचं फळ होत नाही, पोरी. ते पाखरं नेतेत, पण आधी नर तं पाहिजे."

"मी उपटले! तुमच्यासमोर उपटले! वेल हातात धरून दाखवला, अन् तुमी बरोबर म्हणले!"

तुमचा चेहरा तेव्हा असा उतरला की तसा मी कधी पाहिला नव्हता. तोंड उघडलंत आणि मिटलंत. मला वाटलं, चोर सापडला. मग मी बोलले ते बोलले. भावात हरलात म्हणून सूड घेतला, पोट्टी म्हणून वाढवलं आणि पोट्टीलाच बुडवलं, फसवे आहात, सारं बाजारभर ऐकू जाईल असं. पलीकडचा मिरचीवाला म्हणाला, "शेवंताबाई, तुमच्या घरात नर टिकला नाही, वावरात कोठून टिकन!" ओळीच्या ओळी हसल्या. मी तुमच्याकडे पाहत राहिले. त्याला तुम्ही एक शब्द बोलला असतात तरी मी त्याच क्षणी सगळं गिळलं असतं. तुम्ही काकीच्या खांद्यावर हात ठेवून उठलात आणि चालू लागलात. हा माणूस बायकोच्या आड लपून पळतो आहे, असं मी मोठ्याने म्हणाले.

त्यानंतर आपण बोललो नाही. सिहोऱ्याच्या एका शेतकऱ्याकडून मी नर कंद आणले आणि काय करायचं ते शिकले. दिवेलागणीला फुलं उमलतात तेव्हा नराचं फूल तोडून त्याची भुकटी मादीच्या फुलात अलगद टेकवते. एका नराच्या वेलावर मांडवाचा एक कोपरा भागतो. आता मी इतरांना कंद विकते, आणि पिशवीतले नर घ्या म्हटलं की लोक माझ्याकडे तसंच पाहतात जसं मी तुमच्याकडे पाहिलं होतं. दर वेळी मला राग यायचा, गिऱ्हाइकाचा थोडा आणि तुमचा जास्त. कधी बसस्टँडवर, कधी गावाच्या वाटेवर तुम्ही समोरून यायचात. मी मुद्दाम चप्पल न वाजवता शेजारून जायची. तुम्ही मान वळवत नव्हतात. इतका ताठा, मी मनात म्हणायची, आणि राग पुन्हा ताजा व्हायचा.

एक भांडण तर त्याआधीपासूनच अर्धवट होतं. पाऊस संपला की काटवलाचा वेल टोकापासून वाळत येतो आणि काही दिवसांत मांडवावर दोऱ्या उरतात. मी म्हणायची, मेला. तुम्ही म्हणायचात, "घरी गेला. वरचा वेल म्हणजे त्याचा बाजार, घर खाली कंदात." तेरवीला पंगतीत कोणीतरी याच गोष्टीवर आलं, म्हणालं, काटवलासारखेच लटारूबुवा पावसात परत येतील. मी त्याला गप्प केलं. कंद जमिनीत राहतो म्हणून वेल परत येतो. तुम्हाला आम्ही जाळलं. ज्यांना असल्या बोलण्याने बरं वाटतं त्यांना वाटो, मला नाही वाटत.

तेरवीला मी जेवायला आले नव्हते. काकीला विचारायला आले होते. माणसं पांगली तेव्हा दुपार झाली होती. काकी परसात भिंतीला टेकून बसली होती.

"काकी, एक विचारू काय?"

"तू कधीपासून विचारून बोलाले लागली?"

"त्या वर्षी मी वेल उपटून काकाजीले दाखवला होता. ते बरोबर म्हणले. मुद्दाम म्हणले काय?"

 काकी हळूच म्हणाली, "त्याइले कोठी दिसत होतं, माय."

मला समजलंच नाही. तिने पुन्हा सांगितलं. त्याच्या आधी दोन वर्षांपासून तुमच्या डोळ्यांवर पडदा चढला होता. समोर झाड आहे की माणूस एवढं कळायचं. माणसाच्या हातात काय आहे ते कळत नव्हतं. "तुवा आवाज देल्ला म्हणून वयखलं असन. वाकून काही करून राहिली, तं तण निंदते समजले असतीन."

"मंग जंगलात नर-मादी कसे पाहत?"

काकीने अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरवलं. "फुलाच्या गळ्याखाली असं चाचपत. गोळी लागली का म्हणत, बांध चिंधी. मी चिंधी बांधो. वेल वाळून गेला तरी चिंधी राहे, अन् थंडीत आमी तिथंच खणो. डोळ्याच्या शिबिरात नेलं होतं मी. बसमधून उतरले अन् त्याच बसनं वापस आले. म्हणत, हाय तेवढंही जाईन."

"बाजारात मी एवढं बोलली. सांगाचं तं होतं."

"त्या दिवशी जेवले नाही. म्हणत, 'शेवंतानं नर दाखवला अन् मी बरोबर म्हणलं.' मी म्हणलं, जा, सांगून या तिले. तं म्हणत, 'फसव्या म्हणते, म्हणू दे. फसव्याजवळून लोक माल पाहूनपारखून घेतेत. डोळे गेले म्हणलं तं एक कंद खपत नाही, अन् मंग तू काय खाशील?'"

काकाजी, मी तुमच्या परसात हसले. तेरवीच्या दिवशी, मोठ्याने. काकीला वाटलं माझं डोकं फिरलं. मग मी रडले, तेरा दिवसांचं आणि त्याआधीचं सगळं एकदम. छातीवर पोतं घेऊन इतकी वर्षं चालत होते आणि ते कोणीतरी मागून उचलून घेतलं, तसं झालं. तुम्ही मला बुडवलं नव्हतं. टोपली देणारा माणूस तोच होता, मधे बदललेला नव्हता. मी शेजारून जायची आणि तुम्ही मान वळवत नव्हतात, त्याचाही अर्थ लागला. आता तुमच्यासाठी मला निव्वळ वाईट वाटतं, त्यात रागाची भेसळ नाही. एवढं सुख वाटावं का मेलेल्या माणसाबद्दल? पण वाटलं.

तक्रार एक उरते. मला तरी एकटीला बोलावून सांगायचं होतं, मी कोणाला कळू दिलं नसतं. हे वाक्य मी त्या दिवसापासून अनेकदा मनात म्हटलं आणि दर वेळी अडखळले. खरं तर त्या वर्षी, त्या तोंडाने, मी पहिल्याच बाजारात ओरडले असते की आंधळ्याने मला कंद विकले. तुम्ही मला नीट ओळखून होतात. फुलासारखंच, चाचपून.

निघताना मी काकीला म्हटलं, "मी त्याइले भर बाजारात फसवे म्हणलं. ते मले तिथंच खोडाचं हाय. पण मंग डोळ्याचं सांगा लागते."

काकीने पदर सावरला. "सांग," म्हणाली. "आता त्याइले कोणते कंद विकाचे हायेत." आणि मग, "पण मी सांगितलं म्हणून नको सांगू. म्हणतीन, बुढा गेला अन् बुढीचं तोंड सुटलं."

काल बाजार होता. तुम्ही बसायचात त्या जागेवर आता कोणी लसूणवाला बसतो. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. लटारू काकाजीनं मले फसवलं नव्हतं, त्याइले दिसत नव्हतं. नर मी माह्या हातानं उपटले, मले सांगितलं होतं अन् मी ऐकलं नव्हतं.

 मग मिरचीवाला म्हणाला, "मंग सहा वर्स शिव्या कायले देऊन राहिल्या होत्या?"

"अक्कल नव्हती म्हणून. लिहून देऊ काय?"

तो हसला नाही. त्याच्या शेजारचा एक म्हातारा शेतकरी पुढे आला. "दिसत नव्हतं म्हणता?" तो म्हणाला. "माह्या बाडीत त्याचे कंद हायेत. मादी म्हणून देल्ला अन् नर निघाला, असा एकही नाही, बाई. एकही नाही." तो मान हलवत तसाच उभा राहिला.

एवढ्यात एका गिऱ्हाइकबाईने मागून विचारलं, "भाषण झालं असन तं वांगे कसे देल्ले सांगा." मी भाव सांगितला. तिने निम्मा सांगितला. मग मी तिला अशी झापली, काकाजी, की दोन ओळी पलीकडची माणसं वळून पाहू लागली. तिनेही सोडलं नाही, चांगली तयारीची होती. इतकी वर्षं मी कोणाशीही भांडले तरी समोर तुमचाच चेहरा यायचा, तोंड उघडून मिटलेला. काल मला त्या बाईचाच चेहरा दिसला, घामेजलेला, हट्टी, आणि मला ती आवडली.